मेंदूचे चित्र, मुंबईचा प्राध्यापक आणि शीर्षकपृष्ठावरून खोडलेले पद

१/२५
मेंदू, डोळा, कान, जीभ. या अवयवांविषयी आंतरजालावर काहीही शोधले, की काही चित्रे हमखास समोर येतात. काळ्या बारीक रेषा, जुन्या वळणाची अक्षरे आणि थेट अवयवावरच छापलेली नावे. विकिपीडियावर, शाळेच्या प्रकल्पांत, शिकवणीच्या टिपणांत, चित्रफितींत सर्वत्र हीच. या चित्रांच्या परंपरेचा मूळ चित्रकार भायखळ्याच्या एका महाविद्यालयात प्राध्यापक होता आणि पुढे कित्येक वर्षे साताऱ्याला सरकारी डॉक्टर होता. त्याच्या ग्रंथावर मात्र नाव दुसऱ्याचे गाजले. ही त्या चित्रांची कथा. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/२५
चित्रकाराचे नाव हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. जन्म १८३१, इंग्लंडमधील हल येथे. वडील हेन्री बार्लो कार्टर हे व्यवसायाने चित्रकार. मुलाच्या नावातील ‘व्हॅन्डाइक’ हे सतराव्या शतकातील प्रसिद्ध फ्लेमिश चित्रकाराची आठवण देणारे. मुलगा मात्र वैद्यकाकडे वळला. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात तो शिकला आणि तेथेच शरीररचनाशास्त्राचा प्रात्यक्षिक-शिक्षक झाला. घरातील रेषेची शिस्त आणि विच्छेदनगृहातील नजर अशी दुर्मीळ जोडी त्याच्यात जमून आली.

३/२५
त्याच रुग्णालयात हेन्री ग्रे हे महत्त्वाकांक्षी आणि हुशार शरीररचनातज्ज्ञ होते. १८५५ च्या अखेरीस त्यांनी कार्टर यांच्यापुढे एक योजना ठेवली : वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना परवडेल आणि शस्त्रक्रियेच्या वेळी उपयोगी पडेल असा शरीररचनेचा सचित्र ग्रंथ. मजकूर ग्रे यांचा, चित्रे कार्टर यांची, विच्छेदन दोघांनी मिळून करायचे. पुढचे सुमारे दीड वर्ष दोघे या कामात गढून गेले. १८५८ मध्ये लंडनच्या जॉन डब्ल्यू. पार्कर अँड सन या प्रकाशनसंस्थेने ग्रंथ काढला. त्यात ३६३ चित्रे होती.

४/२५
ही चित्रे कशी तयार झाली, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण त्यांच्या दीर्घायुष्याचे रहस्य तेथेच आहे. कार्टर यांनी चित्रे थेट लाकडी ठोकळ्यांवर काढली, तीही उलटी, आरशात दिसावीत तशी. मग कोरक्यांनी रेषा सोडून बाकीचे लाकूड कोरून काढले. असा ठोकळा धातूच्या खिळ्यांबरोबर एकाच पानावर बसवता येई. त्यामुळे चित्र आणि मजकूर शेजारी शेजारी छापता आले. तांब्याच्या पत्र्यावरील किंवा शिळाछापाची चित्रे बहुधा वेगळ्या पानांवर छापावी लागत आणि पुस्तकाची किंमत वाढवीत.

५/२५
दुसरी बाब नावांची. त्या काळच्या अनेक ग्रंथांत अवयवाशेजारी ‘अ’, ‘ब’ किंवा आकडे असत आणि त्यांचा अर्थ खालच्या यादीत शोधावा लागे. डोळा सतत चित्र आणि यादी यांच्यात फिरत राही. कार्टर यांनी रक्तवाहिनीचे नाव रक्तवाहिनीवर, स्नायूचे नाव स्नायूवर लिहिले. अक्षरेसुद्धा त्या अवयवाच्या वळणाने वळवली. आज नकाशात नदीचे नाव नदीच्या वळणाबरोबर वाहते, तसेच हे. विद्यार्थ्याच्या स्मरणात आकार आणि नाव एकत्र बसावेत, ही त्यामागची शिकवण्याची दृष्टी होती.

६/२५
ठळक काळी रेष आणि पांढरा कागद यांचा आणखी एक लाभ झाला, जो १८५८ मध्ये कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. अशी रेष झेरॉक्समध्ये टिकते, फळ्यावर उतरवता येते, स्कॅन केल्यावर पुसट होत नाही आणि मोबाइलच्या लहानशा पडद्यावरही वाचता येते. छायाचित्रात मेंदू हा एकसारखा करडा गोळा दिसतो. रेखाचित्रात त्याची प्रत्येक घडी वेगळी ओळखू येते. काय दाखवायचे आणि काय वगळायचे याचा निर्णय चित्रकाराने आधीच घेतलेला असतो.

७/२५
आता मानधनाचा प्रश्न. ग्रे यांना विकल्या गेलेल्या दर हजार प्रतींमागे १५० पौंड मिळायचे ठरले. कार्टर यांना एकदाच १५० पौंड. पुढे कितीही आवृत्त्या निघाल्या तरी कार्टर यांचा त्यात वाटा नव्हता. ग्रंथ आजही प्रकाशित होतो आणि २०२० मध्ये त्याची बेचाळिसावी आवृत्ती निघाली, हे लक्षात घेतले म्हणजे या व्यवहाराचे स्वरूप स्पष्ट होते.

८/२५
ग्रंथ छापखान्यात असतानाच कार्टर यांना हिंदुस्थानात नेमणूक मिळाली : मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. शीर्षकपृष्ठाच्या मुद्रितावर कार्टर यांच्या नावाखाली हे नवे पद जुळवलेले होते. ग्रे यांनी ते पद खोडले आणि कार्टर यांचे नाव स्वतःच्या नावापेक्षा लहान टायपात घेण्याची सूचना लिहिली. इतिहासकार रूथ रिचर्डसन यांनी २००८ मध्ये या ग्रंथाच्या जन्मकथेवर लिहिलेल्या पुस्तकात हा प्रसंग सविस्तर मांडला आहे. अशा रीतीने मुंबईचे नाव त्या पानावर येता येता राहिले.

९/२५
ग्रे यांना या यशाचा उपभोग फार काळ घेता आला नाही. देवीची लागण झालेल्या पुतण्याची शुश्रूषा करताना त्यांनाही देवी आल्या आणि १८६१ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ग्रंथ मात्र पुढे त्यांच्याच नावाने, ‘ग्रेज ॲनाटॉमी’ म्हणून, जगभर ओळखला गेला. दुसरे हेन्री तोवर मुंबईत होते.

१०/२५
कार्टर १८५८ मध्ये मुंबईत आले तेव्हा हे शहर झपाट्याने बदलत होते. आदल्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले होते. रेल्वे १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत, १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आणि १८५६ मध्ये आजच्या अंबरनाथ-बदलापूरच्या वाटेने बोरघाटाच्या पायथ्याशी पळसदरीपर्यंत पोचली होती. ज्या लोहमार्गावर आज या गावांतले विद्यार्थी मोबाइलवर अभ्यास करीत प्रवास करतात, तो मार्ग कार्टर येण्यापूर्वी अवघी दोन वर्षे सुरू झाला होता.

११/२५
ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. शेजारीच सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय. त्याआधी १८२६ मध्ये मुंबईत डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी वैद्यकशाळा निघाली होती. तेथे देशी भाषांतून वैद्यक शिकवण्याचा प्रयत्न झाला, त्यासाठी पुस्तकेही तयार करण्यात आली. पण ती शाळा १८३२ मध्ये बंद पडली. ग्रँट कॉलेजात इंग्रजी हीच शिक्षणाची भाषा ठरली. शरीराचे ज्ञान कोणत्या भाषेत द्यावे, हा वाद या प्रदेशात इतका जुना आहे.

१२/२५
कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांत, १८५१ मध्ये, एक नाव होते : भाऊ दाजी लाड. त्यांचा संबंध थेट अंबरनाथशी येतो. अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिरातील शिलालेख प्रथम प्रकाशात आणणारे विद्वान म्हणजे हेच डॉक्टर. त्यांनी लेखाचा शक ७८२ असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असे वाचन केले. एका अंकाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी कमी झाले. मूळ दगडाकडे परत जाण्याचे महत्त्व यापेक्षा नेमके कोठे दिसेल?

१३/२५
१८६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या कलाशाळेचा चमूही अंबरनाथला गेला आणि त्याने मंदिराची मोजमापे, रेखाटने व शिल्पांचे साचे तयार केले. शरीर असो वा मंदिर, समोरची वस्तू भागाभागाने पाहून कागदावर उतरवणे ही त्या काळाची ज्ञानपद्धती होती. त्या पद्धतीत जसे कौतुकास्पद कष्ट होते, तशीच सत्ताही होती. काय टिपायचे, कोणाच्या नावाने छापायचे आणि प्रत कोठे ठेवायची, हे वसाहतीचे सरकार ठरवीत असे.

१४/२५
कार्टर पाच वर्षे ग्रँट कॉलेजात शिकवत होते. याच काळात त्यांनी एका भारतीय रोगाला शास्त्रीय नाव दिले. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांच्या पायात काटा रुतून, पुढे पाय सुजून छिद्रे पडतात आणि त्यांतून कण बाहेर येतात. ‘मदुरा फूट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारामागे बुरशी असल्याचे कार्टर यांनी मांडले आणि १८६० च्या सुमारास ‘मायसेटोमा’ हा शब्द रूढ केला. १८७४ मध्ये त्यांचा त्यावरील ग्रंथ सचित्र प्रसिद्ध झाला. वैद्यकात हा शब्द आजही वापरतात.

१५/२५
मेंदू आणि संवेदनांच्या दृष्टीने त्यांचे कुष्ठरोगावरील काम अधिक महत्त्वाचे. कुष्ठरोगात त्वचेवरील चट्ट्यांइतकेच भयंकर असते ते स्पर्श हरपणे. बोट भाजते, जखम होते, पण वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत जात नाही. म्हणून जखम चिघळते आणि अवयव झडतो. लंडनमध्ये मज्जातंतूंच्या निरोगी वाटा रेखाटणाऱ्या माणसाने मुंबईत त्याच मज्जातंतूंमधील रोगट बदल अभ्यासले. मुंबईच्या वैद्यकीय संस्थेच्या नियतकालिकात १८६० च्या दशकाच्या आरंभी त्यांचा कुष्ठरोगावरील दीर्घ निबंध आला.

१६/२५
१८६३ ते १८७२ या काळात कार्टर साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. नंतर रजेवर युरोपात गेले असता त्यांनी नॉर्वेत कुष्ठरोगाचे काम पाहिले. तेथेच गेरहार्ड आर्मावर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू ओळखला होता. परतल्यावर, १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात देशोधडीला लागलेली माणसे मुंबईत आली आणि त्यांच्यात उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली. कार्टर यांनी रुग्णांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली मळसूत्री जंतू पाहिले; १८८२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ते काही काळ ग्रँट कॉलेजचे प्राचार्यही होते. १८८८ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. १८९७ मध्ये स्कारबरो येथे क्षयाने त्यांचे निधन झाले.

१७/२५
म्हणजे ज्या माणसाच्या चित्रांवर जग शरीर शिकले, त्याच्या कर्तृत्वाची सुमारे तीस वर्षे मुख्यतः मुंबई इलाख्याशी जोडलेली होती. तरीही कार्टर यांचे नाव महाराष्ट्रातील वैद्यक-विद्यार्थ्यांनाही बहुधा ठाऊक नसते. पण त्यांच्या नावाची ओळख करून दिल्याने हिशेब पुरा होत नाही. कार्टर यांच्याहूनही अधिक अनामिक माणसे या चित्रांत आहेत.

१८/२५
ती माणसे म्हणजे चित्रांतले देह. इंग्लंडच्या १८३२ च्या शरीररचना कायद्याने दरिद्री-आश्रमांत आणि रुग्णालयांत मरण पावलेल्या, कोणी नेण्यास न आलेल्या गरिबांचे देह विच्छेदनासाठी देता येऊ लागले. त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. ग्रे यांचे नाव मोठ्या टायपात, कार्टर यांचे लहान टायपात. या देहांना नावच नाही. मेंदूच्या घड्या दाखवणारे प्रत्येक जुने चित्र एका निर्धन माणसाच्या शेवटाशी जोडलेले आहे, ही जाणीव ठेवणे हा इतिहासाच्या विद्यार्थ्याचा धर्म आहे.

१९/२५
हा प्रश्न संगणकाच्या युगातही सुटला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९४ मध्ये ‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्पातील पुरुषदेहाच्या एक-एक मिलिमीटर जाडीच्या छेदांच्या प्रतिमा खुल्या केल्या. तो देह टेक्सासमध्ये मृत्युदंड दिलेल्या एका कैद्याचा होता. त्याने देहदानास संमती दिली होती. पण मृत्युदंडाच्या छायेतील संमती कितपत मुक्त मानावी, यावर बरीच चर्चा झाली. महाराष्ट्रात आज स्वेच्छेने देहदान करणारी अनेक कुटुंबे आहेत. अनामिक गरिबापासून स्वेच्छेच्या दात्यापर्यंतचा हा प्रवास शरीररचनाशास्त्राच्या इतिहासातील मोठा नैतिक बदल आहे.

२०/२५
पुस्तकातील चित्रे पडद्यावर कशी आली? ग्रंथाची अमेरिकेत १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेली आवृत्ती तेथील कायद्यानुसार स्वामित्वहक्कातून मुक्त होती. २००० मध्ये ‘बार्टलबी’ या संकेतस्थळाने ती १,२४७ चित्रांसह विनामूल्य उपलब्ध केली. तेथून ती चित्रे विकिमीडिया कॉमन्सवर आणि मग जगातील असंख्य भाषांच्या पानांवर पोचली. नवी, अचूक, रंगीत चित्रे बहुतेक वेळा हक्कांच्या कुंपणात असतात. म्हणून फुकट आणि मुक्त असलेले जुने चित्र पुढे जाते. आंतरजालावर काय दिसते, हे पुष्कळदा कायदा ठरवतो.

२१/२५
येथे एक सावधगिरी. १९१८ च्या आवृत्तीतील सर्वच चित्रे कार्टर यांची नाहीत. साठ वर्षांत संपादकांनी अनेक चित्रे बदलली, नवी घातली, रंग चढवले. मज्जासंस्थेच्या प्रकरणात तर विशेषच. मूळ १८५८ च्या ग्रंथातही काही चित्रे पूर्वीच्या युरोपीय ग्रंथांवरून घेतली होती. म्हणून ‘ग्रे’ असे लिहिलेले चित्र दिसले, की ते कोणत्या आवृत्तीतील आणि कोणाच्या हातचे हे चित्राच्या माहितीपानावर पाहावे. भगवानलाल इंद्रजी दगडाकडे परत गेले, तसे आपण मूळ पानाकडे परत जावे. १८५८ ची आवृत्तीही आज स्कॅन स्वरूपात पाहता येते.

२२/२५
दुसरी सावधगिरी काळाची. १८५८ मध्ये मेंदूचा आकार ठाऊक होता, कार्य फारसे नाही. वाचेशी निगडित भाग पॉल ब्रोका यांनी दाखवला १८६१ मध्ये. कामिल्लो गॉल्जी यांची पेशी रंगवण्याची पद्धत १८७३ ची. सान्तियागो रामोन इ काहाल यांनी मेंदूतील पेशी सुट्या-सुट्या असल्याचे दाखवू लागले १८८८ पासून, आणि ‘न्यूरॉन’ हा शब्द आला १८९१ मध्ये. कार्टर यांचे चित्र घराचा नकाशा देते. आत कोण राहते आणि काय बोलते, ते नंतरच्या शतकाने सांगितले. जुन्या चित्राखाली नवी माहिती लिहिलेली असली, तर दोहोंची वये वेगळी आहेत हे ओळखावे.

२३/२५
वय न पाहिल्यास काय होते, त्याचे उत्तम उदाहरण जिभेचा ‘चवींचा नकाशा’. टोकाला गोड, मागे कडू, कडांना आंबट आणि खारट. जर्मन संशोधक हेनिग यांनी १९०१ मध्ये जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनक्षमतेत थोडासा फरक नोंदवला होता. १९४२ मध्ये एडविन बोरिंग यांच्या ग्रंथातील आलेखामुळे तो फरक फार मोठा भासला आणि त्यातून नकाशा जन्मला. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी प्रयोग करून फरक क्षुल्लक असल्याचे दाखवले. शिवाय ‘उमामी’ ही पाचवी चव किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्येच वर्णिली होती. तरीही तो नकाशा आंतरजालावर अजून फिरतो आहे. जिभेच्या टोकावर मिठाचा कण ठेवून कोणीही तो तपासू शकेल.

२४/२५
राहिला भाषेचा प्रश्न. १८६० च्या दशकात ग्रँट कॉलेजात देशी भाषांतले वर्गही चालू झाले; डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्या शिक्षकांनी मराठीत वैद्यकावर लेखन केले. आधुनिक शिक्षण घेतलेल्या डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी १८८० मध्ये वाग्भटाच्या अष्टांगहृदयाची संपादित आवृत्ती मुंबईत काढली. विसाव्या शतकात मराठी विश्वकोश, १९६६ ची मराठी विज्ञान परिषद, १९६७ ची बालभारती यांनी परिभाषा रुजवली : प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ, मेरुरज्जू. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, विश्वकोश आणि बालभारतीची पुस्तके आंतरजालावर विनामूल्य आहेत. सुबोध जावडेकर आणि डॉ. आनंद जोशी यांचे ‘मेंदूतला माणूस’ हे वाचनीय पुस्तकही आहे. मात्र चित्रांवरची नावे बहुतेक ठिकाणी अजून इंग्रजी-लॅटिनच राहिली आहेत. १९४९ मध्ये नाव मिळालेल्या, निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात घरी सिंधी, रस्त्यावर हिंदी-मराठी आणि वर्गात इंग्रजी असा विद्यार्थी असतो. त्याच्यासाठी अवयवावर त्याला समजणाऱ्या भाषेत लिहिलेले नाव ही चैन नव्हे. कार्टर यांनी नाव थेट अवयवावर लिहिले, ते विद्यार्थ्याचे श्रम वाचावेत म्हणूनच. परक्या भाषेतील नाव ते श्रम पुन्हा त्याच्या माथी मारते.

२५/२५
ही चित्रे आता सर्वांच्या मालकीची आहेत. म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या एखाद्या महाविद्यालयातील चार विद्यार्थी एका सुट्टीत मेंदू, डोळा, कान आणि जीभ यांची मुक्त चित्रे घेऊन त्यांवर मराठी नावे बसवू शकतात, ती कॉमन्सवर परत ठेवू शकतात आणि कायद्याची कोणतीही आडकाठी येत नाही. परिभाषेसाठी बालभारती आणि विश्वकोश हाताशी आहेत. खाली श्रेय लिहिताना आवृत्तीचे वर्ष लिहावे आणि चित्र १८५८ चे असेल, कार्टर यांच्याच हातचे असल्याची खात्री असेल, तर असे लिहावे : ‘चित्रकार हेन्री व्हॅन्डाइक कार्टर, प्राध्यापक, ग्रँट मेडिकल कॉलेज, मुंबई’. शीर्षकपृष्ठावरून खोडलेली ती ओळ इतक्या वर्षांनी योग्य जागी येईल. आपल्या पाठ्यपुस्तकातील मेंदूचे चित्र मुळात कोठून आले, हे कोणी शोधून काढल्यास याच धाग्याखाली जरूर नोंदवावे.